न लिहिलेल्या आज्ञांची वही

इतिहासाची साधने माळ्यावर सापडतात, हे मराठी वाचकास नव्याने सांगायला नको. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, आणि पुढे ही माला बावीस खंडांपर्यंत गेली. त्या साऱ्या खटाटोपामागे आग्रह एकच होता : ऐकीव गोष्टींवर विसंबू नये, मूळ कागद पाहावा. गेल्या मे महिन्यात गणपतीपुळे येथे एका घराच्या माळ्यावरील पत्र्याच्या ट्रंकेतून आमच्या हाती जे साधन आले, त्याला दप्तर म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. ती एक दोनशे पानी वही आहे. काळ २००२ ते २००३. लिपी देवनागरी, शाई निळी, कडा वाळवीने खाल्लेल्या. विषय मात्र असा, की राजवाड्यांच्या परंपरेतील कोणाही संशोधकाने ती उघडून लगेच मिटली असती. तीत ‘काउंटर-स्ट्राइक’ या संगणकावरील खेळाच्या, कोठेही छापून न आलेल्या आज्ञांचा शोध नोंदवलेला आहे.

वहीचा कर्ता आमचा मित्र. त्याच्या संमतीने हे लिहीत आहोत, तरी त्याचे नाव येथे देत नाही. तो गणपतीपुळ्याहून रत्नागिरीस महाविद्यालयात येई. आम्ही चौघे रत्नागिरीचेच. तास संपले की एका सायबर कॅफेत जमायचे, आठ संगणक एकमेकांस तारेने जोडलेले असत, तासाला वीस रुपये द्यायचे आणि खेळायचे, असा आमचा क्रम होता. इंटरनेटची जोडणी टेलिफोनच्या तारेवरून आणि रडतखडत चाले. पण हा खेळ आतल्या आत, त्या आठ यंत्रांच्या जाळ्यावरही खेळता येई. आम्हांस वेळेची चिंता नसे. त्याला संध्याकाळची एसटी गाठायची असे. तेवढ्या वेळात आम्ही खेळत असू आणि तो बऱ्याचदा भिंतीकडे तोंड करून उभा असे, म्हणजे खेळातला त्याचा माणूस उभा असे, आणि तो काहीतरी टाइप करून वहीत लिहीत बसे. आम्हांस ते वेड वाटे. ते संशोधन होते हे कळायला आम्हांस वीस वर्षे लागली, आणि मधल्या काळात आमच्या हातून त्याच्यावर एक अन्यायही झाला. या लेखाचे कारण तो अन्याय आहे. पण त्याचा न्याय करायचा तर आधी या आज्ञा म्हणजे काय, हे पाहावे लागेल.

‘कन्सोल’ हा शब्द आज दिवाणखान्यात टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रासाठी वापरतात. येथे अर्थ वेगळा आहे. कळफलकाच्या डाव्या कोपऱ्यात, आकड्यांच्या ओळीआधी जी नागमोडी चिन्हाची कळ असते, ती दाबली की खेळाच्या चित्रावर वरून एक पडदा उतरे आणि त्यावर शब्द टाइप करता येत. चित्र, आवाज, गोळीबार हे सारे बाजूला सारून यंत्राशी अक्षरांत बोलण्याची ही खिडकी. १९९६ च्या जूनमध्ये इड सॉफ्टवेअर या अमेरिकन कंपनीचा ‘क्वेक’ हा खेळ आला, त्याने ही खिडकी जगभरच्या खेळाडूंच्या हाती दिली. अक्षरांत बोलणे त्याहून जुने आहे. विल क्राउदर आणि डॉन वुड्स यांचा १९७०च्या दशकातला गुहेच्या शोधाचा खेळ तर पूर्णपणे शब्दांचाच होता. यंत्राला कोणते क्रियापद कळते हे अंदाजाने शोधणे हाच तेथे निम्मा खेळ असे. इड सॉफ्टवेअरच्याच १९९३ च्या ‘डूम’मध्ये काही गुप्त अक्षरसमूह टाइप केले की अमरत्व किंवा सगळी शस्त्रे मिळत. पण ते परवलीचे शब्द होते; त्यांना व्याकरण नव्हते. क्वेकच्या कन्सोलला व्याकरण होते. अर्धविराम टाकून दोन आज्ञा जोडता येत, ‘बाइंड’ने आज्ञा एखाद्या कळीवर बसवता येई, ‘अलियास’ने अनेक आज्ञांच्या गाठोड्याला आपल्या पसंतीचे नाव देता येई. म्हणजे ही एक छोटीशी भाषाच होती, आणि तिचा संपूर्ण शब्दकोश खेळाच्या डब्यात मिळत नसे.

तो का मिळत नसे? यात कोणाचे कारस्थान नव्हते. बहुतेक आज्ञा ही निर्मात्यांची स्वतःची हत्यारे होती. गवंड्याने भिंत बांधल्यावर परांचीच्या बांबूंची भोके तशीच राहावीत, तशा त्या राहून गेल्या. ‘टाइमडेमो’ ही आज्ञा घ्या. नोंदवून ठेवलेला खेळ शक्य तितक्या वेगाने चालवून यंत्र सेकंदाला किती चित्रे काढते ते मोजणे, हे तिचे काम. ते निर्मात्यांच्या उपयोगाचे. पण लवकरच संगणकाच्या भागांची परीक्षणे करणारी नियतकालिके याच आज्ञेने ग्राफिक्स कार्डांची तुलना करू लागली. कारखान्यातली फूटपट्टी बाजाराचे माप बनली, ती अशी.

१९९८ च्या नोव्हेंबरात व्हॅल्व्ह या कंपनीचा ‘हाफ-लाइफ’ आला. त्याचे इंजिन क्वेकच्या इंजिनावरून परवाना घेऊन घडवलेले होते, त्यामुळे कन्सोलही वारशाने आला. मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी हाफ-लाइफवर हौसेने चढवलेला साज म्हणजे काउंटर-स्ट्राइक. त्याची पहिली चाचणी आवृत्ती १९९९ च्या जूनमध्ये आली, आणि २००० साली व्हॅल्व्हने तो अधिकृतपणे विक्रीस आणला. असा साज चढवणाऱ्यांसाठी व्हॅल्व्हने १९९९ साली हाफ-लाइफच्या आज्ञावलीचा काही भाग उघड केला होता. खेळाच्या नियमांचा भाग वाचता येई. खालचे इंजिन मात्र बंदच राहिले. म्हणजे ज्याच्याकडे चांगले इंटरनेट आणि इंग्रजी होते त्याला अर्धी पोथी वाचायला मिळे. रत्नागिरीच्या कॅफेत, टेलिफोनच्या तारेवर, आमच्या मित्राकडे ती अर्धीही नव्हती. त्याच्याकडे होते आठ यंत्रांवर चढवलेले काउंटर-स्ट्राइकचे १.५ हे रूप, आणि एक वही.

आता वही उघडू. पहिल्या पानावर तीन रकाने आखलेले आहेत : ‘नाही म्हणतो’, ‘किंमत सांगतो’, ‘गप्प बसतो’. या तीन शब्दांत त्याची सगळी पद्धत आहे. कन्सोलमध्ये काही टाइप केले की यंत्राचे उत्तर तीन प्रकारचे येई. शब्द ओळखीचा नसेल तर अज्ञात आज्ञा असे सांगे. शब्द एखाद्या चलाचा असेल, म्हणजे ज्याची किंमत बदलता येते अशा राशीचा असेल, तर सध्याची किंमत सांगे; उदाहरणार्थ ‘एसव्ही_ग्रॅव्हिटी’ टाइप केले की उत्तर येई ८००. ही खेळातल्या जगाची गुरुत्वाकर्षणाची किंमत. पण काही शब्दांवर यंत्र काहीच बोलत नसे. नाही म्हणत नाही, अर्थी काहीतरी आहे. पण काय आहे ते सांगत नाही. आमच्या मित्राचा सगळा वेळ या तिसऱ्या रकान्यावर गेला. एका नोंदीत तो लिहितो : “प्लस-लेफ्ट टाकले. माणूस गरगर फिरायला लागला. थांबेना. मशीन बंद केले.” दुसऱ्या दिवशीची नोंद एका ओळीची आहे : “मायनस-लेफ्ट टाकले. थांबला.” अधिक चिन्हाने सुरू होणारी आज्ञा म्हणजे कळ दाबून धरणे आणि उणे चिन्हाची म्हणजे ती सोडणे, हा नियम त्याने असा, एक यंत्र मध्येच बंद करून आणि मालकाची बोलणी खाऊन, मिळवला.

यंत्राकडून आज्ञांची यादी मागवण्याची सोय होती; ‘सीएमडीलिस्ट’ आणि ‘सीव्हारलिस्ट’ या दोन आज्ञा शेकडो नावे पडद्यावर ओतत. पण ती नावांची यादी होती, अर्थांची नव्हे. अर्थ लावण्यासाठी त्याने वापरलेली युक्ती पाहून आम्हांस जेम्स प्रिन्सेपची आठवण झाली. सांचीच्या कठड्यांवरील छोट्याछोट्या ब्राह्मी लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे पुन्हापुन्हा येतात, हे प्रिन्सेपने १८३७ साली हेरले. हे भाविकांचे दानलेख असावेत असा तर्क करून त्याने ती अक्षरे ‘दानं’ अशी वाचली, आणि तेथून लिपी उलगडत गेली. आपल्याकडच्या कार्ले-कान्हेरीच्या लेण्यांतही असे दानलेख आहेत. तेथे शेवटची अक्षरे बोलली, येथे सुरुवातीची. वहीच्या नवव्या पानावर नावांचे गट पाडलेले आहेत. ‘एसव्ही’ने सुरू होणारी नावे सर्व्हरच्या, म्हणजे सर्वांच्या जगाच्या कायद्यांची. ‘सीएल’ने सुरू होणारी प्रत्येकाच्या स्वतःच्या यंत्राची. ‘आर’ आणि ‘जीएल’ चित्र काढण्याची, ‘एस’ आवाजाची, ‘एम’ माउसची, ‘नेट’ जाळ्याची. उपसर्ग कळला की अर्धे नाव कळले. वहीत समासात त्याने लिहिले आहे, “संस्कृतच्या बाईंना सांगितले पाहिजे.” सांगितले की नाही, ते त्याला आता आठवत नाही.

पद्धतीचा खरा कस लागला तो अंधश्रद्धेपुढे. त्या काळी प्रत्येक कॅफेत कोणा निष्णात खेळाडूची कॉन्फिग फाइल, म्हणजे त्याने बसवलेल्या किमतींची यादी, फ्लॉपीवरून हातोहात फिरे आणि ताईतासारखी प्रत्येक यंत्रात बांधली जाई. आमच्याकडे फिरणाऱ्या फाइलीत ‘सीएल_अपडेटरेट’ची किंमत १०१ अशी होती. सर्व्हरने आपल्याला सेकंदाला किती वेळा जगाची खबर पाठवावी, हे ठरवणारा हा चल. मूळची किंमत २०. तो १०१ केल्यापासून आपल्या गोळ्या अचूक लागतात, अशी आम्हा चौघांचीही खात्री होती. आमच्या मित्राने ‘नेट_ग्राफ’ ही आज्ञा देऊन पडद्याच्या कोपऱ्यात जाळ्याचा आलेख उघडला, किंमत २० ठेवून खबरा मोजल्या, मग १०१ करून मोजल्या. वाढ झाली होती, पण ती तीसच्या आसपास थबकली होती. सर्व्हरवर ‘एसव्ही_मॅक्सअपडेटरेट’ नावाचा दुसरा चल होता, त्याची मर्यादा ३० होती, आणि मागणाऱ्याने कितीही मागितले तरी देणारा तिसाच्या वर जाणार नव्हता. वहीत निष्कर्ष असा : “१०१ आणि ३० सारखेच. जोवर सर्व्हर बदलत नाही तोवर सगळे मनाचे खेळ.” हे त्याने आम्हांस सांगितले होते. आम्ही फाइल बदलली नाही. १०१ ने बरे वाटते, एवढे कारण आम्हांस पुरेसे होते.

मग तो शोध लागला, जो त्याला भोवला. काउंटर-स्ट्राइकमध्ये प्रत्येक डावाच्या आरंभी पैसे देऊन शस्त्रे घ्यावी लागतात. १.५ मध्ये त्यासाठी आकड्यांचा मेन्यू होता. एके-४७ हवी तर बी, चार, एक. चिलखत आणि शिरस्त्राण हवे तर बी, आठ, दोन. सहा कळा दाबेपर्यंत पहिले मोलाचे क्षण निघून जात. खरेदीचा मेन्यू ‘बाय’ या आज्ञेने उघडतो, हे कळ-बांधणीच्या यादीत दिसत होते. पण मेन्यू उघडल्यावर ‘चार’ दाबले की यंत्र आत नेमके काय करते? त्या आज्ञेचे नाव यंत्राने दिलेल्या यादीत नव्हते. असण्याचे कारणही नव्हते. तिचा अर्थ खेळाडूच्या यंत्राला ठाऊकच नसे, ती सर्व्हरकडे पाठवली जाई आणि तिथला खेळाचा भाग तिचा अर्थ लावी.

त्याने हेक्स एडिटर घेतला. हा प्रोग्राम कोणतीही फाइल तिच्या कच्च्या अंकांत उघडून दाखवतो आणि बाजूला, त्या अंकांची अक्षरे होत असतील तर अक्षरे. खेळाच्या ग्रंथालय-फाइलीत शेकडो पाने निरर्थक चिन्हांची असत, आणि मध्येच, चिखलात नाणे सापडावे तसा एखादा शब्द. अठ्ठेचाळिसाव्या पानावरची नोंद अशी आहे : “मेन्यूसिलेक्ट. पुढे मोकळी जागा, मग टक्का-डी.” आणि त्याखाली, दोन रेघा ओढून : “टक्का-डी म्हणजे पूर्णांक!!” तो तेव्हा ‘सी’ भाषेच्या वर्गास जात असे. सी भाषेत छापायच्या मजकुरात टक्क्याचे चिन्ह आणि डी हे अक्षर आले, की तेथे पुढे एखादा पूर्ण अंक बसणार असे समजावे. म्हणजे मूळ आज्ञा ‘मेन्यूसिलेक्ट’ आणि तिच्यापुढे मेन्यूतला आकडा. हे ज्यांनी उघड आज्ञावली वाचली होती त्यांना जगात इतरत्र ठाऊक होते; तेथे ही ओळ चक्क लिहिलेली होती. त्याने मात्र ती शिळेवरून वाचली. पुढचे सोपे होते. बाय, अर्धविराम, मेन्यूसिलेक्ट चार, अर्धविराम, मेन्यूसिलेक्ट एक. आणि तसेच आठ व दोन. या सगळ्याला अलियासने एक नाव आणि बाइंडने एक कळ. एक बोट, आणि क्षणार्धात सुसज्ज.

२००३ च्या मे महिन्यात रत्नागिरीतल्याच दुसऱ्या मुलांशी आमचा सामना ठरला. सरावात आमच्या लक्षात आले, की आम्ही अजून मेन्यूत चाचपडत असतो तोवर हा चिलखत घालून वळणावर पोचलेला असतो. आमच्यापैकी एकाने, म्हणजे आम्हीच, म्हटले, “हा हॅक वापरतो.” तो म्हणाला, “अरे, हॅक कसला? वहीत लिहिलंय सगळं, बघा की.” आणि त्याने वही पुढे केली. कोणी घेतली नाही. त्या दिवसांत परक्या प्रोग्रामांचा, भिंतीपलीकडचे दाखवणाऱ्या लबाड्यांचा सुळसुळाट होता. आमच्या लेखी जे आम्हांस करता येत नव्हते ते सारे हॅक होते. सामन्यातून त्याला वगळले. तो संध्याकाळच्या एसटीने गेला आणि त्या कॅफेत पुन्हा आला नाही. आम्ही सामना हरलो. पण न्यायाच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही.

न्यायाचा प्रश्न असा : जे इतरांना ठाऊक नाही ते वापरणे ही लबाडी काय? या प्रश्नाला खेळांच्या इतिहासात जुने वळण आहे. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी अनेकांनी मिळून खेळायचा शब्दांचा खेळ रचला, ज्याला ‘मड’ म्हणतात. त्यात पुरेसे गुण कमावणाऱ्यास ‘विझर्ड’ हे पद मिळे आणि त्यासोबत इतरांना नसलेल्या आज्ञांचा अधिकार. तेथे विषमता होती, पण ती सर्वांस ठाऊक होती आणि तिची वाट सर्वांस खुली होती. क्वेकने वेगळी रेघ ओढली. इड सॉफ्टवेअरने १९९९ च्या डिसेंबरात क्वेकची संपूर्ण आज्ञावली उघड केली, तेव्हा तोवरचे तर्क ताडून पाहण्याची सोय झाली. तिच्यात एक छोटासा भाग असा आहे : खेळाडू एकाहून अधिक असतील, तर अंधाऱ्या जागा उजळून दाखवणारा ‘आर_फुलब्राइट’ आणि त्याच्यासारखे आणखी काही चल शून्यावर आणावेत. एकट्याने खेळताना हवे ते पाहा; दुसरा समोर असेल तर त्याला जे दिसत नाही ते तुम्हीही पाहायचे नाही. अलियास आणि बाइंड यांना मात्र एकट्या खेळात नाही, अनेकांच्या खेळातही नाही, कोठेच अटकाव नव्हता.

आमच्या मते हा निवाडा आहे, आणि तो कोणत्याही नियमपुस्तिकेपेक्षा बोलका आहे. दुसऱ्याच्या अज्ञानावर नव्हे, तर दुसऱ्याला नाकारलेल्या दृष्टीवर जी आज्ञा उभी असते ती लबाडी. स्वतःच्या बोटांचे कष्ट वाचवणारी, जी कोणीही टाइप केली तरी तेच फळ देते, ती लबाडी नव्हे. अर्थात एवढ्याने प्रश्न मिटत नाही. क्वेकची आज्ञावली उघडी झाल्याबरोबर तिच्यात फेरफार करून फसवणारेही निपजले, आणि उघडेपणाचा पुरस्कार करणाऱ्या एरिक रेमंड यांना त्याच महिन्यात त्यावर निबंध लिहावा लागला. ज्ञान उघडे केले की त्याचा दुरुपयोग होतो, ही तक्रार खोटी नाही. व्हॅल्व्हने २००२ पासून परके प्रोग्राम हुडकण्याची व्यवस्था सुरू केली, ती याच गरजेतून. पण आमच्या प्रकरणात परका प्रोग्राम नव्हता. असमानता होती ती ज्ञानाची, आणि तिच्यावरचा उपाय आमच्या समोर धरलेला होता. वही घ्यायची आणि वाचायची, एवढेच करायचे होते. ज्ञान लपवल्याचा आरोप आम्ही अशा माणसावर केला, ज्याने ते लिहून ठेवले होते.

कालाने या निवाड्यावर आपली मोहोर उठवली. २००३ च्या सप्टेंबरात, म्हणजे त्या सामन्यानंतर चार महिन्यांनी, काउंटर-स्ट्राइकची १.६ ही आवृत्ती आली. त्या आवृत्तीत कन्सोलमध्ये शस्त्राचे नुसते नाव टाइप केले की खरेदी होऊ लागली, आणि पुढे एकाच कळीने सगळी खरेदी आपोआप करण्याची सोय निर्मात्यांनीच मेन्यूत बसवली. ज्यासाठी आम्ही एकाला बाहेर काढले होते, ते सर्वांना मिळाले. आम्ही ती कळ वर्षभर दाबत होतो. दाबताना आम्हांस कधी कोणाची आठवण झाली असेल, असे प्रामाणिकपणे म्हणवत नाही.

या इतिहासाचा दुसरा भाग नाशाचा आहे. हाफ-लाइफचे खेळाडू ज्या जाळ्यातून सर्व्हर शोधत, ते जुने जाळे २००४ साली बंद झाले. नवे जाळे नवी आवृत्ती मागू लागले. पुढच्या खेळांत काही आज्ञांवर ‘केवळ विकासकांसाठी’ अशी खूण करून त्या यादीतूनच अदृश्य करण्यात आल्या. परांचीची भोके आता बुजवून मगच घर ताब्यात दिले जाते. जगभरच्या हजारो मुलांनी रात्री जागून जे अर्थ लावले, त्यांतले थोडे संकेतस्थळांवर राहिले, तेही इंग्रजीत. बाकीचे फ्लॉप्यांबरोबर आणि विकलेल्या संगणकांबरोबर गेले. कॅफेंच्या जागी मोबाइलची दुकाने आली. महाराष्ट्रातल्या तालुक्यातालुक्यात त्या पाचदहा वर्षांत अशा किती वह्या लिहिल्या गेल्या असतील? मोजण्यास साधन नाही. आमच्यापुढे एक आहे.

गेल्या मे महिन्यात आम्ही चौघे गणपतीपुळ्यास गेलो ते देवदर्शनास आणि सहलीस. राहण्याची जागा शोधताना ओळखीचे आडनाव पाटीवर दिसले. तो आता पर्यटकांसाठी चार खोल्या चालवतो. दारात त्यानेच ओळखले. काकूंनी कोकम सरबत दिले, आणि आम्ही कोण हे कळल्यावर, “म्हणजे ते खेळवाले तुम्हीच होय रे?” एवढेच विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर देणे आम्हांस जड गेले. संध्याकाळी आम्ही जे बोलायचे ते बोललो. तो हसला, म्हणाला, “सोडा रे. वही मात्र असेल बघा वर.” आणि शिडी लावून ती ट्रंक उतरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याला किनाऱ्यावर पाहिले. गणपतीपुळ्याचा समुद्र दिसतो तितका साधा नाही. वाळूचा उतार एकदम खोल जातो, पाणी आत ओढते, आणि तेथे माणसे बुडाली आहेत. धोक्याचे फलक आहेत. पण फलक एका जागी उभा असतो, आणि ओढ भरती-ओहोटीबरोबर जागा बदलते. आज ती कोठे आहे ते गावच्या माणसालाच दिसते. तो आपल्याकडे उतरलेल्या एका कुटुंबाला हाताने दाखवत होता : या बाजूला जाऊ नका, तिथे रंग गडद दिसतोय ना, तिथे अजिबात नको. ती माणसे फोटो काढण्यात गुंतली होती. त्याने पुन्हा एकदा, तितक्याच शांतपणे, सगळे पहिल्यापासून सांगितले.

वहीची नक्कल करण्याचे काम आम्ही चौघांनी वाटून घेतले आहे. तिसऱ्या रकान्यात, म्हणजे ‘गप्प बसतो’खाली, अकरा आज्ञा अजून तशाच आहेत, जुन्या यंत्रावर जुनी आवृत्ती चढवून त्या तपासायच्या आहेत. या वेळी तो सांगेल तसे, एका वेळी एकच गोष्ट बदलून. पूर्ण झाल्यावर नक्कल त्याच्या नावानिशी सर्वांसाठी खुली ठेवू. तोवर मूळ वही गणपतीपुळ्यास त्याच्याच घरी आहे. फक्त ट्रंकेतून काढून काकूंनी ती कपाटात, कापूर घालून ठेवली आहे.